खाडीतला दुसरा कोट

साईनाथ साळवीच्या अंगावर कात्रीचे अकरा वार होते. दहा छाती-पोटात, एक गळ्यात. कापड बेतायच्या लांब टेबलाखाली तो उताणा पडला होता आणि त्याच्या तोंडात विणलेल्या लेबलांची अख्खी गुंडाळी कोंबलेली होती. प्रत्येक लेबलावर एकच नाव होतं: साईनाथ साळवी.

ठाण्यात खोपटला, एसटी आगाराच्या मागच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप. सोमवारी ते बंद असे. त्या सोमवारी दुपारी तो एकटाच आत होता. बुधवारी पोलिसांनी त्याच्या धाकट्या भावाला, ऋतुराजला, डोंबिवलीतून उचललं आणि गुरुवारी दोघांची आई नौपाड्यात खासगी तपासनीस आसावरी गुप्ते यांच्या दारात उभी राहिली.

विमलाबाईंनी पाण्याचा पेलाही हातात घेतला नाही.

"एका पोराची चिता बघून आले," त्या म्हणाल्या. "दुसरा लॉकअपमध्ये आहे. त्याने केलं असेल तर तसं सांगा, बाई. ऐकून घेईन मी. पण नसेल केलं, तर मला दोन्ही पोरं घालवायची नाहीत."

आसावरीबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांचा मदतनीस संदेश पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. अंगाने दणकट, डोक्याने सावकाश.

"भांडण होतं का भावाभावांत?" त्याने विचारलं.

"कपड्यांवरून."

"कपड्यांवरून?"

"साईनाथ बड्या लोकांना लाख-लाखाचे कोट शिवून द्यायचा, पण बाहेर नावाचं एक अक्षर नाही. चांगलं कापड ओरडत नाही, म्हणायचा. आणि धाकट्याला सगळं नाववालं लागतं. टोपी, पट्टा, बूट. गेल्या महिन्यात एका लग्नात साईनाथ सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, 'दुकानाची पाटी अंगावर घेऊन फिरतोस, त्यांच्याकडून भाडं तरी घे.' ऋतूने त्याच्या कानफटात मारली. 'एक दिवस तुझा जीव घेईन' म्हणाला. अख्ख्या हॉलने ऐकलं."

संदेशने मान हलवली. त्याच्या मते प्रकरण तिथेच संपलं होतं.

इन्स्पेक्टर कमलेश भोईर आसावरीबाईंना ओळखत होते. त्यांनी वर्कशॉपच्या इमारतीच्या गेटवरचं चित्रण दाखवलं. दुपारचे तीन बावीस. एक माणूस बाहेर पडतो. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, अंगात काळा कोट. कोटाच्या पाठीवर एका परदेशी ब्रँडची तळहाताएवढी पांढरी अक्षरं. उजवा हात मनगटापर्यंत कोटाच्या खिशात.

"वॉचमनला चेहरा आठवत नाही, उंची आठवत नाही," भोईर म्हणाले. "अक्षरं मात्र स्पेलिंगसकट आठवतात. आणि हा कोट ऋतुराजकडे आहे हे अर्ध्या डोंबिवलीला माहीत आहे."

त्यांनी टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या.

"हा त्याच्या कपाटातला. आणि हा मंगळवारी कळव्याच्या खाडीत धाकू कोळ्याच्या जाळ्यात आला. आत कात्री गुंडाळलेली. साईनाथच्याच टेबलावरची."

"म्हणजे कोट दोन?" संदेश म्हणाला.

"घेतले असणार दोन. एक मिरवायला, एक मारायला."

आसावरीबाईंनी हातमोजे चढवले. कपाटातल्या कोटाच्या खिशात त्यांनी हात घालून पाहिला. बोटं आत गेली नाहीत. मग खाडीतला कोट घेऊन त्या खिडकीशी गेल्या. खिशात हात घातला, काढला, आणि बटणांची काजं भिंगाखाली धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"काय आहे, मॅडम?"

"शिवण," त्या म्हणाल्या. "फार चांगली आहे."

ऋतुराजचा ओठ फाटला होता आणि डावा डोळा सुजून बंद झाला होता. डोंबिवलीत त्याची जिम होती. बाहेर लोक त्याला वचकून असत. इथे लॉकअपमध्ये तो भिंतीशी अंग चोरून उभा होता.

"मी घरी झोपलेलो, मॅडम. आईशप्पथ. कानफटात मारली ना त्याच्या, तेव्हापासून सॉरी बोलायचं होतं. जाणार होतो. राहिलं."

"हा कोट कधी घेतलास?"

"दिवाळीला. बाह्या लांब होत्या, म्हणून दादाच्याच वर्कशॉपमध्ये दिलेला. आठवडाभर तिकडेच होता."

"कोट घातलास की मोबाइल कुठे ठेवतोस?"

"पाउचमध्ये. कमरेला." तो गोंधळला. "का?"

आसावरीबाई जायला उठल्या.

वर्कशॉपचं दार साईनाथच्या बायकोने, योगिनीने उघडलं. लादी तीनदा पुसली होती, तरी फटींतून तपकिरी रेघा राहिल्या होत्या. टेबलामागच्या खुर्चीच्या पाठीवर रक्ताचे थेंब वाळले होते.

"मीच पाहिलं पहिल्यांदा. पाच वाजता," ती म्हणाली. "तीन वाजता आमच्या मुलीच्या, सान्वीच्या शाळेत पालकसभेला होते. फोन उचलेनात म्हणून आले."

"ही लेबलं कधी आली?"

"त्याच दिवशी सकाळी. एक मोठी कंपनी भागीदारीत येणार होती. त्यांची अट होती, प्रत्येक कपड्यावर नाव दिसलं पाहिजे. दोन महिने बोलणी चालली होती. शेवटी हे तयार झाले."

आसावरीबाईंची नजर कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तिथे एक मातकट रंगाची शाल चौपदरी घडी करून ठेवलेली होती.

"ही इथेच असते?"

"नाही हो. एसी लागला की हे खांद्यावर घ्यायचे, आणि कापड बेताना खुर्चीच्या पाठीवर टाकायचे. रोजचं होतं ते. त्या दिवशी वर कशी गेली कुणास ठाऊक. मी आले तेव्हा तिथेच होती."

संदेशने शाल उचलून पाहिली. डाग नव्हता. "साधी घोंगडीच आहे की."

"ऋतुराजही तेच म्हणतो. मला तर टोचते. गावाहून कुणीतरी विणून पाठवलेली आहे. बाजारात असली मिळायची नाही म्हणायचे."

आतल्या खोलीत कटिंग मास्तर प्रशांत एकटाच काम करत होता. बारा वर्षं तो इथे होता, मोहन्याला खोली घेऊन राहत होता. पांढरा, अगदी बेताचा शर्ट, पण खांद्यावर असा बसला होता की संदेशलाही तो दोनदा पाहावासा वाटला.

"सोमवारी सुट्टी होती. खोलीवरच होतो," तो म्हणाला. "साहेबांसारखा माणूस होणार नाही. कापड हाताला कळावं, डोळ्याला नाही, हे त्यांनी शिकवलं."

"सगळं इथेच शिकलात?"

"नाही. हात घरचाच. जतजवळ गाव आहे आमचं. वडील लोकर विणायचे. आता दिसत नाही त्यांना. माग बंद आहे."

बोलता बोलता त्याने संदेशच्या बाहीवर लोंबणारा दोरा चिमटीत धरला आणि कात्रीने कापून टाकला. संदेशला ते कळलंही नाही.

शनिवारी सकाळी आसावरीबाईंनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. भोईर ऋतुराजला घेऊन आले. विमलाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, त्यांच्या शेजारी योगिनी. प्रशांत टेबलापाशी होता. टेबलावर दोन्ही कोट पसरले होते.

"साहेब, या कोटाच्या खिशात हात घाला," आसावरीबाई म्हणाल्या.

भोईरांनी ऋतुराजचा कोट ओढला. "खिसा शिवलेला आहे."

"नवीन कोटाचे खिसे कच्च्या टाक्याने बंद असतात, घडी मोडू नये म्हणून. घेणाऱ्याने ते उसवायचे असतात. ऋतुराजला ते माहीतच नाही. त्याला अक्षरं दिसली की कोट पोचला. म्हणून याचा मोबाइल पाउचमध्ये. पण गेटवरच्या माणसाचा हात मनगटापर्यंत खिशात होता."

"तो दुसरा कोट घालून होता," भोईर म्हणाले. "त्याचा खिसा उघडा आहे."

"मग दुसऱ्याची काजं बघा. ऋतुराजच्या कोटाची काजं मशीनची आहेत. खाडीतल्या कोटाची हाताने केलेली, रेशमी दोऱ्याची. साहेब, खाडीतला कोट दुकानातून घेतलेलाच नाही. तो कुणीतरी शिवलाय. वॉचमनला फक्त अक्षरं दिसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढी रंगवली असती तरी भागलं असतं. पण त्याच्या हाताला वाईट शिवता येत नाही. नक्कल अस्सलपेक्षा सरस झाली."

ऋतुराजने मान वर केली. "कोट आठवडाभर इकडेच होता…"

"तेव्हाच या कोटाचा बेत, मापांसकट, कागदावर उतरला. लग्नातली धमकी ऐकल्यावर तो कागद कामाला आला." आसावरीबाईंनी फळीवरची शाल काढली. "खुर्चीवर रक्त उडालंय, या शालीवर एक थेंब नाही. म्हणजे वार होण्याआधीच ती तिथून उचलली गेली. साईनाथ बघत असणार, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. कारण आलेला माणूस रोजचा होता. एकीला ही शाल टोचते. ऋतुराजला घोंगडी वाटते. मारायला आलेल्या माणसाला मात्र आधी ही वाचवावीशी वाटली. प्रशांत, तुमच्या वडिलांची ही शेवटची का?"

प्रशांतने शालीच्या काठावरून बोट फिरवलं.

"दोन वर्षं लागली त्यांना," तो म्हणाला. "बोटांनी चाचपत विणली. माझ्या साहेबांना, म्हणून."

"मग मारलंस कशाला रे?" विमलाबाईंच्या तोंडून निघालं.

"बारा वर्षं, आई. इथून बाहेर गेलेला एकेक कोट माझ्या हातचा. साहेब म्हणायचे, नावाला किंमत नसते. मी मानलं. कधी पगारावरून बोललो नाही. मग कंपनी आली आणि नाव लागायचं ठरलं. म्हटलं, बारीक अक्षरांत माझंही घाला, आतून. कुणाला दिसणार नाही असं. हसले. म्हणाले, 'कात्रीचं नाव कुणी विचारतं का?'" तो विमलाबाईंकडे वळला. "म्हणून कात्रीनेच सांगितलं. अकरा वेळा सांगितलं. तरी त्या तोंडात नाव त्यांचंच होतं, मग तेच कोंबलं!"

त्याने टेबलावरची कात्री उचलली ती कुणाला कळायच्या आत. तो ऋतुराजवर झेपावला. "हा मरायला हवा होता! याला कापडातलं काय कळतं!"

ऋतुराजच्या हातात बेड्या होत्या. मध्ये संदेश आला. कात्री त्याच्या दंडातून आरपार गेली, तरी त्याने प्रशांतचा गळा सोडला नाही. दोघे टेबलावर आदळले, टेबल कलंडलं, भोईरांनी प्रशांतच्या मनगटावर बूट दाबला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. दोन्ही कोटांवर संदेशचं रक्त सांडलं.

प्रशांत लादीवर पडून आपल्या वाकड्या झालेल्या उजव्या हाताकडे बघत होता. नुसताच बघत होता.

अर्ध्या तासाने खोलीत बायकाच उरल्या. संदेशला दवाखान्यात नेलं होतं. ऋतुराज जिन्यात बसून मोठ्याने रडत होता. योगिनी त्याच्याजवळ जाऊन बसली.

"प्रशांतच्या बापाला कोण कळवणार?" विमलाबाईंनी विचारलं.

"पोलीस कळवतील," आसावरीबाई म्हणाल्या.

"आंधळ्या माणसाला? असं फोनवर?"

"मग?"

विमलाबाईंनी हात पुढे केला. "नंबर द्या मला. आपलं पोर गेल्याचं कसं ऐकायचं असतं, ते त्यांना पोलिसांनी सांगू नये."

नंबर लागला. पलीकडून कुणीतरी म्हाताऱ्याला हाक मारत होतं, मग काठीचा आवाज जवळ आला. विमलाबाईंनी पदर तोंडावरून फिरवला.

"धोंडीबा का? मी ठाण्याहून बोलतेय, साईनाथची आई. तुम्ही आधी बसून घ्या. कुणाला तरी शेजारी बसवा. मग सांगते."