हवेतली बुरशी

दुपारी तीनला लॅबवाल्या ताई मुलांच्या वॉर्डात गेल्या, त्या फक्त एक बाटली आणायला. सात नंबरच्या खाटेवरच्या चार वर्षांच्या मुलीच्या मेंदूत गाठ होती, गाठीत पू, आणि डॉक्टरांना तो पुन्हा तपासून हवा होता. आता पुन्हा कशाला, म्हणून ताई जिना चढताना कुरकुरत होत्या. काही निघालं नाही, असं त्यांनीच सकाळी लिहून दिलं होतं की!

खरं तर निघालं होतं. पू पसरून ठेवलेल्या काचेच्या प्लेटच्या कडेला एक काळा ठिपका. पण असले ठिपके रोजचेच. झाकण उघडलं की हवेतली बुरशी पडते. बावीस वर्षं ताईंनी ते डोळे झाकून बादलीत टाकले होते. दुपारी बादली वाफेच्या भट्टीत गेली, की विषय संपला.

वॉर्डात फिनेलचा वास होता. या खाटेजवळ मात्र बंद, ओल धरलेल्या खोलीचा. पोरगी नऊ दिवस बेशुद्ध. उशाशी बसलेली आई हळूच म्हणाली, नेमकं झालंय काय एवढं कळलं तरी पुरे, डॉक्टरसुद्धा नुसते चाचपडतायत. ताईंनी पुवाची बाटली उचलली.

तेवढ्यात पोरीनं डोळे उघडले. आईकडे नाही, ताईंकडे बघितलं.

"मला... बादलीत का टाकलंस?"

आई रडायलाच लागली, पोरगी बोलली म्हणून. ताई धावतच जिना उतरल्या. भट्टीवाले मामा बादली उचलतच होते. त्यांच्या हातातून ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. प्लेट तळाशी सापडली. ताईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लाखात एखाद्या पोराच्या मेंदूत घर करणारी बुरशी होती ती, आणि तिचं औषध वेगळं. ताईंनी डॉक्टरांना फोन करून आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली.

दोन महिन्यांनी पोरगी आपल्या पायांनी घरी निघाली. आई तिला घेऊन लॅबमध्ये आली, आभार मानायला. ताईंना मान वर करवेना. बावीस वर्षांत असे किती ठिपके फेकले, त्यातल्या कितींच्या उशाशी कुणाची आई बसली होती... हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

"ये ना आत," त्या म्हणाल्या.

पोरगी दारातच थांबली. रिकाम्या फरशीवर तिनं नजर फिरवली. मग ओठांवर बोट ठेवून आईला गप्प केलं, आणि दाटीवाटीनं निजलेल्या मुलांमधून वाट काढावी तशी, पाय उंच उचलत, एकेक पाऊल जपून टाकत ताईंपर्यंत आली.