बगळा छाप आगगाडी

भिंगवाले त्या घरी गेले ते दुपारी तीनच्या सुमारास, आणि काम तसं साधंच होतं. जुन्या खेळण्याची ओळख पटवायची, किंमत लिहून द्यायची, सही करायची, चहा घ्यायचा आणि निघायचं. तीस वर्षं हेच करत आल्यामुळे त्यांचं खरं नाव त्यांच्या गल्लीतल्या पोस्टमनलाही आठवत नसे. भिंगवाले म्हटलं की पुरे.

त्यांच्या धंद्याचा एक नियम आहे, आणि तो निर्लज्ज आहे. ज्या खेळण्याला मुलाचा हात लागला त्याचा भाव पडतो, आणि ज्याला कधीच लागला नाही ते सोन्याच्या मोलानं जातं. मूल का खेळलं नाही, हे कुणी विचारत नाही. लिलावाच्या यादीत 'न खेळलेले, मूळ खोक्यात' असं छापलेलं दिसलं की खरेदीदार जिभल्या चाटतात. भिंगवाल्यांनीही कधी विचारलं नव्हतं. पोटाचा प्रश्न आला की माणूस सोयीपुरता बहिरा होतो.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते घरातल्या थोरल्या मुलीनं. पन्नाशीची बाई, केसांना काळा रंग, पण भांगात पांढरी रेघ उमटलेली.

"या. जिन्यानं दमवलं ना? बाबा पन्नास वर्षं चढले, आणि आता त्यांचे गुडघे माझ्या नावानं ओरडतात."

दोन खोल्या होत्या, अर्ध्या रिकाम्या. भिंतीवर कपाटांच्या जागी फिक्या चौकटी उरल्या होत्या. आई महिन्यापूर्वी गेली, आता बाबांना ती आपल्याकडे नेणार होती आणि जागा सोडायची होती. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. हात इतके थरथरत होते की शर्टाची बटणंही मुलीनंच लावलेली दिसत होती, कारण एक चुकलं होतं.

"भिंग खरंच आहे, की नुसतंच नाव?" त्यांनी विचारलं.

"आहे की. दाखवू?"

"मला नको. तुम्हीच बघा. नीट बघा."

टेबलावर खोकं होतं. भिंगवाल्यांनी हातमोजे चढवले. झाकणावर एका पायावर उभा हिरवा बगळा. बगळा छाप खेळण्यांचा कारखाना जेमतेम चार वर्षं चालला, आणि त्यातही हिरवा बगळा फक्त पहिल्या वर्षी छापला गेला. आत चावीवर चालणारं पत्र्याचं इंजिन, तीन डबे आणि गोल रूळ असणार. झाकणावरून खाली आलेली कागदी पट्टी त्यांनी बॅटरी तिरपी धरून तपासली. डिंक तपकिरी झाला होता, पण एक कोपराही उचललेला नव्हता.

"अस्सल आहे. आणि ताई, सील शाबूत आहे." त्यांनी आकडा सांगितला. थोरली बाबांकडे वळली.

"बाबा, ऐकलंत? तुमचं वर्षभराचं औषधपाणी निघेल यात!"

बाबांनी आकडा ऐकलाच नव्हता. "सील शाबूत म्हणजे काय?"

"म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून हे कुणी उघडलेलं नाही."

"वाफेवर धरून, हळूच… बाईमाणसाच्या हाताला जमतं ते."

"वाफेनं पट्टीवरच्या शिक्क्याची शाई फुटते, काका. ही फुटलेली नाही."

"कुणीच उघडलं नाही?"

"कुणीच नाही."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"म्हणजे हिची आई खोटं बोलली," ते म्हणाले. "जाता जाता, माझ्यासाठी."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. धाकटी मुलगी सात वर्षांची होती. ताप उतरेना. औषध इतकं कडू की ती दात आवळून धरायची. त्यांनी गाडी आणली आणि कपाटावर तिला दिसेल अशी ठेवली. बाटलीवर डोस मोजायला खाचांची कागदी पट्टी चिकटवली आणि बजावलं, औषध संपलं की खोकं उघडू, तोवर हात लावायचा नाही. पोर पडल्या पडल्या खाचा मोजायची. तीन खाचा उरल्या होत्या तेव्हा गेली.

"मागच्या महिन्यात, जायच्या आधी, हिची आई म्हणाली, तुम्ही दवाखान्यात गेलात की मी द्यायचे हो तिला गाडी. पोटभर खेळली ती. एकेचाळीस वर्षं मनात ठेवलं, म्हणाली, तुम्ही रागवाल म्हणून." त्यांनी डोळे पुसायचा प्रयत्न केला, पण हात गालावरच आपटला. "म्हणून थोरलीला म्हटलं, जाणकार माणूस बोलाव. ती खेळली असेल तर गाडी खुशाल विका. नसेल… तर माझ्याबरोबर जाऊ दे."

कडू पाजण्यासाठी मुलांना गोड लांबून दाखवणारी शहाणी माणसं घरोघर असतात. त्यांना कुणी शिक्षा करत नाही. ती स्वतःच भोगतात.

भिंगवाल्यांना एक खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्याची बायको बोलली तसं. पण वेळ निघून गेली होती.

"तोडा ते सील," म्हातारा म्हणाला.

"बाबा, भाव निम्म्यावर येईल!"

"येऊ दे. मी तिला शब्द दिला होता. एकदा तरी उघडू दे."

थोरली स्वयंपाकघरात गेली, भाजी चिरायची सुरी घेऊन आली, आणि ओठ दाताखाली धरून पट्टी तिनंच कापली.

जुनं खोकं उघडलं की कुबट पुठ्ठ्याचा वास येतो. तो आला नाही. आला तो कोलन वॉटरचा. तापलेल्या कपाळावरच्या ओल्या घडीचा, ताजा.

"बाबा…" थोरली कुजबुजली. "हा तर…"

सूर्य समोरच्या इमारतीमागे गेला होता. खोलीतला उजेड एकदम उतरला. भिंगवाल्यांनी सवयीनं सामान मोजायला घेतलं. रूळ पूर्ण, डबे तीन. चावी ठेवायच्या खाचेत मात्र नुसता चावीचा ठसा. खोकं सीलबंद, आणि चावी नाही.

"चावी नाहीये," ते म्हणाले.

"तिच्याकडे असेल," म्हातारा म्हणाला. अगदी सहज.

इंजिन हातात घेताच त्यांना ते जाणवलं. चाकांच्या कडा घासून पांढऱ्या पडल्या होत्या, एकाच बाजूच्या जास्त, वर्षानुवर्षं एकाच दिशेनं गोल फिरल्यावर पडतात तशा. आणि आसाला केस गुंडाळलेले होते. आगगाडीच्या खेळण्याचा हा नेहमीचाच आजार. मुलं जमिनीला गाल लावून, पालथी पडून समोरून येणारी गाडी बघतात, आणि केस चाकात जातात. हजार इंजिनांतून त्यांनी असे केस काढले होते. बोटांनी आपसूक चिमटा उचलला.

वरचा केस निघाला तो राठ होता. पांढरा.

खालचेही पांढरेच. मग करडे. मग काळे, जाड, लांब. चिमटा थांबेना. टेबलावर केसांचं वेटोळं वाढत गेलं. अगदी तळाशी, आसाला चिकटून, मऊ, बारीक, भुरके केस निघाले. लहान मुलीचे. सगळ्यात आधी गुंडाळले गेले असतील ते.

थोरलीचा हात नकळत स्वतःच्या भांगाकडे गेला.

म्हाताऱ्यानं वाकून ते वेटोळं पाहिलं. रडता रडता त्यांचा चेहरा उजळत होता. "मोठी झाली हो," ते म्हणाले. "बघ ना… पिकले की तिचे केस. भिंगवाले, सांगा आता. खेळली का?"

"खेळली, काका," भिंगवाल्यांना एवढंच बोलता आलं. "पोटभर."

अहवालावर आधीच लिहून ठेवलेलं 'न खेळलेली' त्यांनी खोडलं आणि वर 'खेळलेली' लिहिलं. किमतीची जागा कोरी सोडली. चहा राहूनच गेला. म्हाताऱ्याच्या हट्टाखातर थोरलीनं फरशीवर रूळ जोडून दिले, वर इंजिन ठेवलं, आणि ती भिंगवाल्यांना सोडायला खाली निघाली.

"ताई, विकू नका ती," दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले.

"आता कोण विकतंय…"

तेवढ्यात वरून आवाज आला. कर्र… कर्र… कर्र. थोडं थांबून, बोटं दुखल्यासारखं, पुन्हा तीनदा. चावी देण्याचा आवाज भिंगवाल्यांनी झोपेतही ओळखला असता. ज्या माणसाला स्वतःचं बटण लावता येत नाही, त्याच्या बोटांचं ते काम नव्हतं. मग चाकं रुळावर खडखडत धावू लागली, गोल, गोल. थोरली कठडा धरून उभी होती. तिनं ओठ घट्ट मिटले होते. भिंगवाले तिच्याकडेच पाहत होते, म्हणून ते हे शपथेवर सांगू शकतात.

वरून बाई बोलली. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा आवाज, हुबेहूब थोरलीचा, फक्त सूर लहान मुलीचा, शहाण्यासारखं वागल्याची शाबासकी मागणारा.

"बाबा, औषध संपलं हं."