कातरपान कुणी पळवलं?

"आधी पावलांचे ठसे, मग साक्षीदार, मग चोर!" दादाने बोटं मोडत फर्मान काढलं. "बारक्या, तू भिंग घे. तंद्री, तू... तू निदान जागी राहा!"

तंद्री जागीच होती. नाश्ता कधीच संपला होता, तरी तिचा चमचा रिकाम्या वाटीत गोल गोल फिरत होता आणि नजर खिडकीबाहेर लागली होती. बाहेर ऊन चढलं होतं. दूरची टेकडी पाण्यात बुडवल्यासारखी हलत होती, आणि टेकडीसोबत आपणही हळूहळू हलतोय असं तिला वाटत होतं. असं काही दिसलं की ती हरवायचीच. तिचं हे नाव काही उगीच पडलं नव्हतं.

ती आणि दादा सुट्टीला मावशीकडे आले होते. मावशी वाळवंटी वनस्पतींच्या उद्यानात काम करायची आणि तिथल्याच आवारात राहायची. बारक्या हा मावशीचा मुलगा. अंगाने काडी, पण तोंड असं की समोरच्याला बोलायला जागाच उरू नये!

काल संध्याकाळी उद्यानात एकच गोंधळ उडाला होता. उद्यानाचे मुख्य, ज्यांना सगळे नुसतंच 'साहेब' म्हणत, ते कित्येक महिन्यांच्या दौऱ्यावरून परतले होते. आल्या आल्या ते तारेच्या कुंपणाकडे गेले. मागच्या पावसानंतर त्यांना माळावर एक दुर्मीळ झुडूप सापडलं होतं. त्याची पानं कंगव्यासारखी कातरलेली, म्हणून नाव ठेवलं कातरपान. साहेबांनी त्या झुडपांभोवती तार ओढली, प्रत्येकाला लाल फीत बांधली आणि दाराला कुलूप लावलं. काल बघतात तर काय, फिती जागच्या जागी, पण कातरपानाचा पत्ता नाही! फितीखाली उभं होतं सुईपान. बारीक, साध्या पानांचं, माळावर जिकडे तिकडे उगवणारं, कुणी ढुंकूनही बघत नाही असं झुडूप.

"कुणीतरी आपली झुडपं उपटून विकली आणि जागी हा कचरा लावला!" साहेब कडाडले. कुंपणाची किल्ली एकट्या माळीकाकांकडे होती. मग काय, चौकशी नाही, विचारपूस नाही. परवा दुपारपर्यंत खोली रिकामी करा, असं साहेबांनी माळीकाकांना सांगून टाकलं.

"माळीकाका चोरी करतील?" तंद्रीचा चमचा एकदम थांबला. "ते तर मुंग्या चिरडू नयेत म्हणून हातगाडी वळवून नेतात."

"म्हणून तर तपास करायचाय!" दादा म्हणाला. "चला!"

माळीकाका आपल्या खोलीच्या पायरीवर बसले होते. आत काकू भांडी पोत्यात भरत होत्या. खिडकीचा पडदाही त्यांनी काढला होता, त्यामुळे खोली आत्ताच परक्याची वाटत होती.

"काका, तुम्ही आत कुणाला बघितलं नाही?" दादाने विचारलं.

"साहेबांनीच बजावलं होतं ना बाळा, की आत पाऊल टाकायचं नाही, पाणी घालायचं नाही, हात लावायचा नाही. मी रोज बाहेरून कुलूप ओढून बघायचो आणि पुढे जायचो. आत गेलो नाही, तारेपाशी थांबलोही नाही, तर बघणार काय?" काका कसनुसं हसले. "आता हे म्हणजे, ऐकलं तेच चुकलं!"

या खोलीत काकांचा अर्धा जन्म गेला होता. ते कुठे जाणार होते, हे त्यांनाच माहीत नव्हतं.

कुंपणापाशी पोचल्यावर दादा आणि बारक्या पालथे पडून भिंगातून जमीन बघू लागले.

"ठसे आहेत!" बारक्या ओरडला.

"ते तुझेच आहेत, शहाण्या!"

तंद्री तारेला टेकून नुसती बघत राहिली. आतल्या मातीवर पापडासारखी कडक खपली धरली होती. ती कुठेही फुटलेली नव्हती, की उकरलेली नव्हती.

"दादा, झुडूप उपटलं तर माती मोकळी होणार ना?" ती हळूच म्हणाली. "इथे तर कुणी नखही लावलेलं नाही."

दादाने मान वर केली. "अरे, खरंच की!"

तेवढ्यात बारक्याने तारेखालून हात घालून झुडपाखालचा पाचोळा ओढला. त्यात वाळलेली, चुरगळलेली, पण अजून ओळखू येतील अशी कातरलेली पानं होती!

तिघेही धावत साहेबांच्या कचेरीत गेले. साहेबांनी पानं हातात घेतली, चष्मा वर केला आणि टेबलावर थाप मारली. "हेच ते! चोराने उपटताना गळलेली पानं! शाब्बास, पुरावाच आणलात!"

"पण साहेब, माती..."

"मातीचं काय घेऊन बसलात? इतक्या महिन्यांत माती बसतेच. जा, खेळा!"

बाहेर आल्यावर दादाचा चेहरा पडला होता. "आपण वाचवायला गेलो आणि काकांना आणखी अडकवून आलो!"

जेवणं झाली. दुपारी सगळं आवार पेंगायला लागलं. तंद्री एकटीच पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. टाकी जुनी होती, तिच्या बुडाशी एक बारीक धार कायम झिरपायची. तिथे एक मोठं झुडूप वाढलं होतं. सगळे त्याच्यावर ओली फडकी वाळत घालायचे, त्यापलीकडे त्याची कुणी दखल घेतली नव्हती. तंद्री त्याच्या सावलीत आडवी झाली. फांद्यांवर पांढरी, चार चार पाकळ्यांची इवली फुलं होती. त्यांच्यावर माशा गुणगुणत होत्या. वारा आला की सावल्या तिच्या हातावर सरकायच्या. डोळे मिटता मिटता तिला वाटलं, या सावल्यांना दात आहेत! कंगव्यासारखे दात, मनगटावर. आणि कोपरावर मात्र नुसत्या रेघा.

दात आणि रेघा. दात आणि रेघा. तिचे डोळे खाडकन उघडले.

ती झुडपाभोवती फिरली. झिरप्याच्या बाजूला पानं रुंद, कातरलेली. उन्हाच्या बाजूला, कोरड्या मातीवर, बारीक, सुईसारखी. आणि मधे? मधे एकेका पानाला दोनच दात, पुढच्याला एकच, त्याच्यापुढच्याला नुसता दात यावा की नाही असा विचार केल्यासारखी खाच! जणू झुडूप तिच्यासमोर सावकाश कपडे बदलत होतं. तंद्री कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. तिला इतका आनंद झाला होता की हाक मारायलाही सुचेना.

मग ती पळाली. तंद्री पळते आहे, हेच बघून दादा ताडकन उठला.

"एकच झुडूप?" सगळं ऐकून तो म्हणाला. "म्हणजे कातरपान आणि सुईपान एकच?"

"पाणी असलं की पानं मोठी. पाणी आटलं की ती गळतात आणि बारीक येतात. कुंपणात तेच झालं. म्हणून पाचोळ्यात जुनी पानं होती!"

"चला साहेबांकडे!" बारक्या उडी मारत म्हणाला.

"नको," दादाने डोळे बारीक केले. "साहेब आपलं ऐकणार नाहीत. ते स्वतःचं ऐकतील. तेच त्यांना ऐकवायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत साहेबांसमोर एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. कातरपान बघायला त्या मुद्दाम दूरवरून आल्या होत्या आणि साहेब त्यांना चोरीची हकिगत सांगत होते. मावशीही वाळवलेल्या नमुन्यांचे कागद घेऊन तिथेच उभी होती. दादा दारात आला.

"साहेब, या दोन फांद्यांची नावं सांगता का? आम्हाला ओळखूच येत नाहीत."

"अरे! हे तर कातरपान!" साहेब खुर्चीतून उठलेच. "कुठे मिळालं? आणि हे सुईपान. रानोमाळ उगवतं."

"नक्की ना, साहेब? दोन वेगवेगळी?"

"बाळा, माझी हयात गेली यात!"

"आंधळासुद्धा सांगेल, नाही का?" बारक्याने निरागसपणे विचारलं.

"अर्थात!"

मग तंद्री पुढे झाली. तिने दोन्ही फांद्या हातात घेतल्या आणि मोडलेली टोकं एकमेकांना लावली. तुटलेल्या बिस्किटासारखी ती नेमकी जुळली. सालीवरचा एक तपकिरी ओरखडा एका फांदीवरून थेट दुसरीवर गेला.

"ही एकच फांदी आहे," ती म्हणाली. "टाकीमागच्या झुडपाची. तुम्ही चला, दाखवते."

सगळे टाकीमागे गेले. कुणीतरी वाळत घातलेलं फडकं मावशीने घाईने ओढून काढलं. तंद्री ओल्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे बोट फिरवत गेली. दात, मग कमी दात, मग खाच, मग सुई. पाहुण्या बाईंनी दोन्हीकडचं एकेक पान चुरडून हुंगलं आणि त्या खुदकन हसल्या.

"तोच झणका! मोहरीच्या घराण्यातलं आहे हे, चार पाकळ्या बघा ना. आणि भारी लहरी! पाऊस बघून पानं बदलतं. आणि पावसानंतरही माळावर सुईपान दिसतंच, म्हणजे काही झुडपं हट्टाने बदलतच नसणार. एका आईची लेकरं तरी सारखी असतात का?"

मावशीने कपाळावर हात मारला. "आम्ही कागदावर मावेल तेवढीच फांदी तोडायची. एक आणली की झालं! अख्खं झुडूप फिरून बघितलंय कुणी? आणि दुर्मीळ म्हणून जे शोधायचं, ते पावसानंतरच. भर उन्हात माळावर कोण जातंय!"

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे... चोर?"

"चोर नाहीच, साहेब!" बारक्या म्हणाला. "उन्हाला पकडता येत असेल तर पकडा!"

पाहुण्या बाईंनी तंद्रीला जवळ घेतलं. "पोरी, हे तुला कसं ग दिसलं?"

"मी झोपायला गेले होते," तंद्री खरं ते बोलली.

बाई मनापासून हसल्या. "मग रोज झोपत जा! इतक्या माणसांनी जागेपणी जे बघितलं नाही, ते तू बघितलंस. आणि तुम्ही दोघांनीही तिचं ऐकलंत, त्याला अक्कल लागते बरं का!" दादाची छाती फुगली. बारक्याची तर आधीपासूनच फुगलेली होती.

पण तंद्रीचं तिकडे लक्ष नव्हतं. "साहेब, दुपार व्हायला आली," ती म्हणाली. "काका निघतील."

साहेब चपापले. मग जवळजवळ पळतच सुटले, आणि त्यांच्यामागे सगळी वरात.

खोलीबाहेर लोखंडी पेटी, गुंडाळलेली गादी आणि पोती मांडून ठेवली होती. माळीकाका कुलूप घेऊन दारात उभे होते. साहेबांना धाप लागली होती. "चूक झाली," ते म्हणाले. "झुडपं जागेवरच आहेत. तुम्ही कुठेही जायचं नाही."

माळीकाकांनी हातातलं कुलूप पेटीवर ठेवलं. त्यांचा चेहरा बघून तंद्रीला वाटलं, ते आता रागावतील, आणि रागावायलाच हवेत.

"साहेब," काका म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्यासमोर आहे. एकदा मला विचारायचं तरी होतं."

"हो," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला त्यांनी चष्माही पुसला नाही. "विचारायचं होतं. माफ करा मला."

आतून काकू बाहेर आल्या. त्यांनी पोत्यातून पातेलं उपसून काढलं. "चहा टाकते. सगळ्यांनी घ्या. साहेब, तुम्हीसुद्धा," त्या म्हणाल्या. "पण आधी ती पेटी उचला आणि होती तिथे आत नेऊन ठेवा."

पेटी चांगलीच जड होती. दादा हात लावायला धावला, पण काकूंनी मानेनेच नको म्हटलं. साहेबांनी बाह्या सरसावल्या, पेटी कवेत घेतली आणि वाकून ते दारातून आत गेले.