सगळ्या डावीकडेच का बघतात?

लिफ्टचं दार माझ्या चित्रांच्या फाइलवरच बंद झालं, आणि आत उभा असलेला माणूस फाइल सोडवायची सोडून वरचं चित्र बघत बसला.

"सेनापतीबाईंची करंगळी तिसऱ्या भागात तुटलीय," तो म्हणाला. "तुम्ही पाचही बोटं काढलीत."

ना ओळख, ना पाळख! "आधी दार उघडता का?" मी म्हटलं. "नाहीतर माझीही तुटेल."

तो इतका ओशाळला, की माझा राग तिथल्या तिथे पळाला.

माझी धाकटी बहीण ज्या अद्भुत कादंबऱ्यांवर जीव टाकते, त्यांतल्या बायकांचं एक सचित्र पुस्तक निघणार होतं. चित्रं माझी... माझं पहिलंवहिलं पुस्तक! शेजारच्या पानावर प्रत्येकीची ओळख लिहायची आणि माझ्या चुका काढायच्या, हे काम त्याचं. ऑफिसात सगळे त्याला शंकासुर म्हणत. त्याचं टेबल माझ्या अगदी डाव्या हाताला.

मी समोर आरसा ठेवून चेहरे काढते. स्वतःच रागवायचं, हसायचं, भुवई उडवायची आणि ते कागदावर उतरवायचं.

"चेटकिणीला इतकं गोड हसू?" तो मान तिरकी करून विचारायचा.

"का? चेटकिणींनी हसू नये?"

"हसावं की... पण अशी हसली, तर तिला मंत्राची गरजच काय?"

माझा ब्रश हातातच राहायचा, कान गरम व्हायचे. इतकं मन लावून मी आयुष्यात काही काढलं नव्हतं.

पुस्तक छपाईला जायच्या आदल्या दिवशी संपादक मॅडमनी सगळी पानं मोठ्या टेबलावर मांडली. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, राणी, चेटकीण, सेनापती... सगळ्या डावीकडेच का बघतायत? चित्रं डाव्या पानावर, म्हणजे नजर थेट पुस्तकाबाहेर! हे असं मी छापणार नाही."

त्या कुठे बघतायत, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आरशासमोर बसून मी दिवसभर कुणाकडे बघत होते, ते प्रत्येकीच्या डोळ्यांत उतरलं होतं!

"चित्रं... उलटी फिरवू?" मी चाचरत विचारलं.

"छे! सेनापतीबाईंची करंगळी भलत्याच हाताची तुटेल," शंकासुर पुढे झाला. "पानंच बदलू या. चित्र उजवीकडे, मजकूर डावीकडे. मग प्रत्येकजणी स्वतःबद्दलच वाचतेय, असं वाटेल."

मॅडमनी एक जोडी बदलून पाहिली, मग दुसरी. "झकास!" म्हणत त्या छापखान्याला फोन करायला आत गेल्या.

मी त्याच्याकडे वळले. "तुम्हाला करंगळी दिसते, आणि हे दिसलं नाही?"

"दिसलं ना. दुसऱ्या चित्रातच. पानं बदलायचं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं."

"मग बोलला का नाहीत? जीव गेला असता माझा!"

"चुकलंच माझं. पण बोललो असतो, तर..." तो अडखळला. "तू माझ्याकडे बघायचं बंद केलं असतंस. आणि मला तू... फार आवडतेस गं."

"मलाही तू आवडतोस!" मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडलेच.

आतून मॅडमचा आवाज आला, "कळलं गं! आम्हाला केव्हाच कळलं!"