ती गेली की थांबली?

"पेन्सिल मिळाली, पण माझं मत अजून आत खुर्चीवरच बसलंय. जरा वेळ देता?"

चित्रपटाच्या दुपारच्या खेळातून बाहेर आलेला तो, दारातल्या उजेडाने डोळे मिचकावत माझ्यासमोर उभा होता. माझ्या हातात मतपत्रिकांचा गठ्ठा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि चेहऱ्यावर आठ तास टिकेल असं हसू. "घ्या की," मी म्हणाले. त्याने खरंच घेतला! मागे रांग खोळंबली, त्याचं त्याला काहीच नाही.

चित्रपट अंतराळातला होता. एक वैमानिक बाई नव्या ग्रहाकडे निघते. वाटेतल्या तळावर तिला वर्षानुवर्षं एकटा राहिलेला तंत्रज्ञ भेटतो. त्याच्यावर तिचा जीव जडतो आणि यानात इंधन उरतं एकाच उड्डाणापुरतं. पुढे जायचं, की त्याच्यापाशी थांबायचं? ती उड्डाणाच्या कळीवर हात ठेवते... आणि पडदा पांढराशुभ्र. मिनिटभर आवाज नाही. संपला!

यावरून लोक अगदी हमरीतुमरीवर यायचे. पत्रिकेत तीन चौकोन होते: गेली, थांबली, सांगता येत नाही. एका निवृत्त मास्तरांनी खाली लिहिलं, 'उत्तर अपूर्ण. दहापैकी चार गुण.' एका नव्या जोडप्याने वेगवेगळ्या चौकोनांवर खुणा केल्या आणि दोघं दोन दारांनी बाहेर पडली. एक आजोबा म्हणाले, "ती कुठे का जाईना बाई, मला आधी घरी जाऊ दे."

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं. "गेली की थांबली?"

"आम्हाला मत सांगायची परवानगी नाही."

"आणि... मनातल्या मनात?"

"चित्रपट बघायचीच परवानगी नाही. मत घेणाऱ्याने बघितला, तर तो नकळत लोकांच्या तोंडी आपले शब्द घालतो म्हणे."

"म्हणजे वाढणारीच उपाशी!" तो हसला. 'थांबली'वर खूण केली आणि खाली लिहिलं, 'तंत्रज्ञाने एकदा तरी तिला थांब म्हणायला हवं होतं.'

मला हा नियम कधी जाचला नव्हता. खरं सांगायचं तर तो माझ्यासाठीच केल्यासारखा होता. घरी पडद्यांचा रंग ठरवायचा असो की माझंच कॉलेज, मी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी 'मला काहीही चालेल' म्हणायची. ताई तर म्हणायची, "हिला विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं."

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग पुन्हा. समोरच्या गल्लीत त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुपारी तो ते दोन तास बंद ठेवायचा. दर वेळी रांगेत पहिला. दर वेळी 'थांबली'. एका माणसाने एकदाच मत द्यायचं, हा आमचा सगळ्यात मोठा नियम. तो मला पाठ होता... आणि मी हात पुढे करून त्याची पत्रिका घेत होते. पेन्सिल परत देताना त्याची बोटं क्षणभर रेंगाळायची. दुपार झाली की माझं लक्ष त्या दाराकडेच असायचं.

पंधरवडा संपत आला आणि आमच्या मॅडमचा फोन आला.

"पाच पत्रिका एकाच हातच्या आहेत. तुला कळलं नाही?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. "कळलं होतं, मॅडम."

"मग घेतल्यास कशाला?"

"तो... परत यावा म्हणून."

पलीकडून पत्रिका चाळल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "त्या पाच मी बाद करते. मी एका जागेसाठी तुझं नाव सुचवलं होतं, खरं बोललीस म्हणून ते मागे घेत नाही. मुख्य कचेरीत तीन वर्षांची जागा आहे. लोकांच्या मतांमधून अर्थ शोधायचं काम. येणार की नाही, सोमवारपर्यंत सांग. आणि तुझं उत्तर दे. दुसऱ्या कुणाचं नको."

मुख्य कचेरी म्हणजे आगगाडीने दीड दिवसाची वाट. आई म्हणाली, लांब आहे. ताई म्हणाली, जा. मी दोघींनाही मान डोलावली आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

शनिवारी दुपारी माझं काम संपलं. तो दोन तिकिटं घेऊन उभा होता. "वाढणारी आता तरी जेवेल ना?" खेळ सुरू होण्याआधी मी त्याला त्या जागेबद्दल सांगितलं. तो 'अरे वा' म्हणाला आणि तिकिटांवरचे आसनक्रमांक पुन्हा पुन्हा वाचू लागला.

अंधारात आमच्या कोपरांमध्ये दोन बोटांचं अंतर होतं. चित्रपट पुढे सरकत गेला, ते अंतर मात्र तेवढंच राहिलं. शेवटी पडदा पांढरा झाला आणि सगळं सभागृह उजळलं. मी वळून पाहिलं तर तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "थांबली ना?"

"गेली!" मी इतक्या जोरात म्हणाले, की दारावरचा माणूस दचकला. "तिचा अंगठा बघ ना! ती नुसता हात ठेवत नाही, कळ दाबते. पाच वेळा बघितलास की झोपा काढल्यास?"

"पहिल्यांदा बघितला. नंतर चारही वेळा पडदा पांढरा व्हायच्या आत दाराशी येऊन उभा राहायचो. तुझ्याशी बोलायला वेळ मिळावा म्हणून."

"मग दर वेळी 'थांबली' कशाच्या जोरावर लिहायचास?"

त्याने मान खाली घातली. "तुझं इथलं काम पंधरा दिवसांचं, हे ओळखपत्रावर वाचलं होतं. बारीक अक्षरं वाचणं माझा धंदाच आहे. मला... तू थांबायला हवी होतीस."

मला रडू फुटलं. त्या बाईचा रागही आला, कीवही आली, आणि ती जाताना तिला किती दुखलं असेल तेही कळलं. ती गेली, असं मला इतकं ठामपणे का वाटत होतं, तेही त्याच क्षणी समजलं.

"मला जायचंय," मी म्हणाले. "ते काम मला मनापासून हवंय. आणि तू मला आवडतोस. खूप आवडतोस. दोन्ही तितकंच खरं आहे, एकाने दुसरं खोटं होत नाही."

त्याने हातातली दोन्ही तिकिटं नीट घडी घालून खिशात ठेवली.

"थांब म्हणणार होतो," तो म्हणाला. "आता नाही म्हणत. पण माझं दुकान बंद झालं की रोज फोन करायचा. भांडायला का होईना. आणि दर महिन्याला मी येणार, ते तुला चालेल का, हे मी विचारतसुद्धा नाहीये."

"विचार ना," मी डोळे पुसत म्हणाले. "मला आवडेल सांगायला."

"चालेल?"

"चालेल नाही. मला हवंय."

सोमवारची वाट न बघता मी तिथूनच मॅडमना फोन लावला. "येते मी," म्हणाले, आणि माझा आवाज जराही कापला नाही. दुसऱ्या हातात त्याचा हात होता. मी तो घट्ट धरून ठेवला.