अस्वलाच्या वाटेवरचे पाढे

लग्नाच्या बायकोशी बोलायचं सोडून जो माणूस रस्ताभर पाढे म्हणतो, त्याला काय म्हणावं? बाईंनी सहा महिने या प्रश्नाचं उत्तर शोधलं. सापडलं त्यातलं एकही चर्चच्या आवारात उच्चारण्यासारखं नव्हतं.

"तेरा एके तेरा," मिस्त्री म्हणत. "तेरा दुणे सव्वीस..."

शेजारून बाई चालत. काखेत कापडाचं गाठोडं, डोक्याला रुमाल, कपाळाला आठी. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला जंगल आणि मधून वीस मिनिटांची पायवाट – त्यांच्या खोलीपासून चर्चच्या हॉलपर्यंत.

पाढ्यांना कारण होतं, नव्हतं असं नाही. परदेशातल्या या मिशनवर दोघं सेवेला आले, त्याच दिवशी इथल्या पाळकांनी बजावलं होतं. पाळक तरुणपणी पाच वर्षं आपल्याकडे शिकून गेलेले, त्यामुळे भाषा पक्की. "जंगलात अस्वलं आहेत. माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण माणूस अचानक पुढ्यात आला की बिथरतात. म्हणून वाटेनं एकट्यानं जायचं नाही आणि गप्प जायचं नाही. बोलत चला. आवाज ऐकला की ती आपणहून बाजूला होतात." मग हसून म्हणाले, "नवरा-बायकोला विषयांचा काय तोटा?"

तोटा कसला, दुष्काळ. मिस्त्री पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर. पंपाशी बोलतील, पान्याशी बोलतील, अडकलेल्या व्हॉल्व्हला तर "चल रे राजा" म्हणून चुचकारतील. माणूस दिसला की तोंडाला कुलूप. घरी बाईंनी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं.

त्या पहिल्या सकाळी मिस्त्रींनी वाटेवर पाऊल टाकलं आणि घसा खाकरला. बाईंच्या काळजात उगाच काहीतरी हललं. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस आपणहून काही बोलणार होता... वय त्रेसष्ट, पण कान सोळाचे झाले.

आणि मिस्त्री म्हणाले, "बे एके बे."

मुळात इथे यायची कल्पनाही त्यांचीच. आपल्या चर्चमध्ये उपासना संपल्यावर विचारणा झाली – दीड वर्ष परदेशी सेवेला कुणी वयस्क जोडपं जाईल का? बाई वळून बघतात तो मिस्त्रींचा हात वर. बाईंना वाटलं, पाठ खाजवताहेत. हात खाली येईना, तेव्हा उमगलं. पण भर मंडळीत देवाच्या कामाला नाही म्हणायचं, म्हणजे नाक कापून घेणं. तीन मुलगे, तीन सुना, सात नातवंडं आणि एक विधवा नणंद असा चौदाजणांचा संसार एका बोटावर फिरवणारी बाई त्या बोटानंच किल्ल्या थोरल्या सुनेच्या हातात ठेवून विमानात बसली.

इथे बाई आठ बायकांना खुणांनीच शिवण शिकवत. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या, पण ब्लाउजच्या बाहीचा खांदा असा बसवत की शहरातल्या शिंप्यानं कान धरावेत. मिस्त्री पंप, नळ, बाक, छप्पर, मोडेल ते दुरुस्त करत. राहिलेल्या वेळात गळ्यात दुर्बीण.

"अगं, ये... हरणं आलीत," ते खिडकीतून हळूच म्हणत.

"दिसतंय मला. माझी कोथिंबीर खाताहेत."

"किती शांतपणे खातायत बघ."

"तुमचेच भाऊबंद ते. दुसऱ्याचं खायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

मिस्त्री हसत. आवाज न करता, नुसत्या मिशीतून. बाईंना त्या हसण्याचा राग यायचा. राग यायचा म्हणून त्या ते पुन्हा पुन्हा बघायच्या.

एकदा कोल्ह्यानं बाईंची एक चप्पल पळवली. मिस्त्री तासभर झाडीत धुंडत होते. चप्पल घेऊन आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि सदऱ्याला काटे. चप्पल धुऊन, पुसून त्यांनी दाराशी ठेवली. बाई म्हणाल्या, "एवढं केलंत, तर तोंडानं एक वाक्य बोलला असतात तर काय झालं असतं?"

मिस्त्रींनी विचार केला. खरंच केला. मग म्हणाले, "डाव्या पायाची होती."

यावर बाईंनी काय करावं?

असे सहा महिने गेले आणि घरून फोन आला. बाई रोज वाट बघत होत्या, की कुणीतरी म्हणेल – आई, तुमच्यावाचून अडलंय. थोरली सून म्हणाली, "तुम्ही निवांत राहा हो आई. आमचं छान चाललंय. स्वयंपाकघर जरा हलवलं, मांडणी खिडकीपाशी घेतली. आत्याबाईंनाही आवडलं."

बाईंनी फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसल्या. मांडणी खिडकीपाशी! ऊन लागून लोणच्याची वाट लागेल, हे त्या पोरीला कोण सांगणार? पण खरी ठसठस लोणच्याची नव्हती. तिथे आपल्यावाचून अडत नाही. इथे ज्याच्यासाठी आलो, त्याला आपल्याशी बोलायला दोन शब्द सुचत नाहीत. मग आपण नेमक्या कुणाच्या?

त्या तडक पाळकांकडे गेल्या. पाळक भला माणूस. म्हणाले, "बाई, तुम्हाला जायचं असेल तर गुरुवारी सामानाची गाडी शहराकडे जाते, तिकिटाचं मी बघतो. मिस्त्री मात्र वर्षभर राहिले तर बरं, पंपाचं काम अर्ध्यावर आहे."

म्हणजे वर्षभराची ताटातूट. लग्न झाल्यापासून बाळंतपणं सोडली तर दोघं कधी वेगळे राहिले नव्हते.

रात्रीची भांडी विसळताना बाईंनी पाठमोरंच विचारलं, "मी घरी जाईन म्हणते. गुरुवारी. तुम्ही राहा तुमच्या पंपापाशी... जाऊ ना?"

मागे फडक्यानं ताटली पुसण्याचा आवाज थांबला. बाईंनी नळ बंद केला, एक शब्दही निसटू नये म्हणून.

"तू म्हणशील तसं," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी ट्रंक काढली आणि तिचं झाकण इतक्या जोरानं आपटलं की छपरावरचं घुबड उडून गेलं.

बुधवारची सकाळ, शेवटचा वर्ग. धुकं असं दाट, की चार हातांपलीकडचं झाड नुसतं वाटायचं, दिसायचं नाही. मिस्त्री नेहमीसारखे बाईंच्या डाव्या अंगाला, जंगलाच्या बाजूला. घसा खाकरला.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक..."

"बास," बाई म्हणाल्या. "पुरे झालं. सहा महिने ऐकले तुमचे पाढे. आता हॉल येईपर्यंत तोंडातून एक अक्षर काढलंत तर बघा."

मिस्त्री गप्प झाले. आज्ञाधारक माणूस. आणि बाईंनीही हट्टानं ओठ मिटले, म्हणजे त्या वाटेवर पहिल्यांदाच दोन माणसं मुकाट्यानं चालू लागली. ओल्या पानांवर पावलंसुद्धा वाजत नव्हती.

वळणावर ती उभी होती.

काळी, ओलसर, धुक्यातून कोरून काढल्यासारखी. मागे दोन पिल्लं. अस्वलीण मागच्या पायांवर उठली आणि नाकातून असा आवाज काढला, की बाईंच्या काखेतलं गाठोडं आपोआप खाली पडलं.

मिस्त्री पुढे झाले. एका हातानं त्यांनी मागे चाचपडून बाईंचा हात धरला.

"पळू नकोस," ते अगदी हळू म्हणाले. "मागे मागे सरकायचं. एकेक पाऊल. आणि बोलत राहायचं."

"बोला मग," बाई कुजबुजल्या. "पाढे म्हणा."

"आठवत नाहीत गं."

अस्वलीण डोलत होती. मिस्त्रींनी श्वास घेतला आणि तिच्याशीच बोलू लागले – ज्या आवाजात ते अडकलेल्या व्हॉल्व्हशी बोलत, त्याच आवाजात.

"हे बघा बाई... वाट तुमची आहे. आम्ही निघालोच. पोरंबाळं घेऊन फिरणाऱ्या बाईला आडवं जाऊ नये, कळतं मला. ही माझी बायको. आज रागावली आहे. हिच्या नादी लागू नका, अनुभवानं सांगतो."

"अहो, काय बोलताय?"

"सुचेल ते. तू सरक." एक पाऊल. "तर ही उद्या घरी चालली आहे. मी म्हणालो, तू म्हणशील तसं. चुकलंच ते. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. घशात आलं होतं हो... तिथेच अडकलं." आणखी एक पाऊल. "ही गेली तर मला करमणार नाही. जेवण जाणार नाही. हरणं आली तर दाखवू कुणाला? पंप काय, कुणीही दुरुस्त करील..."

बाईंचा हात त्यांच्या हातात घामेजला होता. कुणाचा घाम, ते कळत नव्हतं.

अस्वलीण ऐकत होती असं म्हणणं खोटं ठरेल. पण ती खाली टेकली, एकदा फुसकारली आणि पिल्लांना ढकलत उताराकडे निघून गेली. फांद्या मोडल्याचा आवाज लांब लांब गेला. मग धुकं आणि दोघंच.

"गेली ती," बाई म्हणाल्या. "हात सोडा आता."

"हो," मिस्त्री म्हणाले, आणि सोडला नाही.

हॉलमध्ये आठही जणी मशीनपाशी बसल्या होत्या. बाईंनी कापायला घेतलेलं कापड तसंच टाकलं आणि चौथ्या मशीनपाशी गेल्या. तिथे मिस्त्री सैल झालेला पट्टा बघायच्या निमित्तानं खाली बसून तोंड लपवत होते. इथल्या बायकांना भाषा कळत नव्हती, त्यामुळे बाईंनी आवाज कमी करायची तसदी घेतली नाही. बायकांनी मात्र मशीनं थांबवली. भाषा लागतेच कशाला?

"जे अस्वलाला सांगितलंत ते मला का नाही सांगितलं?"

मिस्त्री पट्ट्याशी बोलले. "तुला तिथं घरी जायची ओढ. तुझ्यावर पंधरा माणसं टांगलेली..."

"चौदा. मला धरू नका."

"चौदा. सकाळपासून आई, आजी, वहिनी. दिवसभर घर तुझ्या नावानं हाका मारायचं. माझा नंबर लागेपर्यंत तू झोपलेली असायचीस." त्यांनी पाना खाली ठेवला. "चर्चमध्ये विचारलं, तेव्हा मी ऐकलं ते एवढंच – जोडपं. दोघंच. दीड वर्ष. हात वर गेला तो त्यासाठी. सेवेचं नंतर सुचलं."

आठ जणींपैकी एकीनं डोळ्यांना पदर लावावा तसा शिवायला घेतलेला झगाच लावला.

"म्हणजे देवाचं नाव पुढे केलंत," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि बायको पळवलीत."

"तसंच म्हण."

"पाळकांना ठाऊक आहे?"

"नाही."

"देवाला?"

"त्याला तर आधीपासून."

आता मिस्त्रींनी वर बघितलं. तेच, मिशीतलं हसू... पण या वेळी डोळ्यांपर्यंत आलेलं. बाईंना ते बघून नेहमीसारखा राग आला. गाल तापले, कान तापले. त्रेसष्टाव्या वर्षी, आठ बायकांसमोर – लाज म्हणून काही असते की नाही? त्यांनी खाली वाकून मिस्त्रींच्या सदऱ्याला चिकटलेलं एक वाळलेलं पान काढलं. दोन बोटांनी, झुरळ उचलावं तसं. मग कमरेवर हात ठेवून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"ऐका. एवढं एक वाक्य बोलायला तुम्हाला एक्केचाळीस वर्षं, एक परदेश आणि एक लेकुरवाळी अस्वलीण लागली. लबाड आहात, आळशी आहात, नवरा म्हणून कसेबसे काठावर पास आहात. अशा माणसाला एकट्याला मागे ठेवून जाण्याइतकी मी खुळी नाही. ट्रंक संध्याकाळी परत माळ्यावर टाका. मी कुठेही जात नाही."