गार दूध आणि ओमाचं अंगुस्तान

त्यार्क हॅम्बुर्गहून आला तेव्हा हायड्रूनचा आलुबुखाऱ्याचा केक नुकता ओव्हनमधून निघाला होता. गड्याने दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्यावर साय घालून घेतली, आणि मगच टेप वाजवायचं आपलं धूड स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलं. हायड्रूनला माणूस पसंत पडला.

"बाई, भावाच्या बँडमध्ये ड्रम खरंच तुम्ही वाजवायचात?"

"अजून वाजवते की. कोंबड्यांना बोलवायला. बादलीवर."

तिचा थोरला भाऊ फोल्कमार कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसला होता. त्र्याहत्तर साली याच घरात त्याच्या बँडने एक रेकॉर्ड केली. बँडचं नाव 'गार दूध'. घेतंय कोण? खोकेच्या खोके माळ्यावर पडले आणि कोंबड्यांनी त्यात अंडी घातली. आता म्हातारपणी त्यार्कची कंपनी ती पुन्हा काढणार होती. आणि डॉक्टर म्हणत होते, फोल्कमारचं हृदय हा हिवाळा काही काढत नाही.

"माझी एकच अट," फोल्कमार म्हणाला. "शेवटची रेघ गोल बंद करायची. सुई तिथंच फिरत राहिली पाहिजे. माझं गाणं संपता कामा नये."

"करू की."

"सुरुवात कुणी ऐकली नाही अन् याला शेवटाची काळजी!" हायड्रून म्हणाली.

"तू बादली वाजव."

त्र्याहत्तरची मूळ टेप फिरली. शेवटचं गाणं आलं. त्यात गिटार थांबते आणि लांबलचक शांतता पसरते. त्या शांततेत आवाज आला.

टक. टक-टक.

हायड्रूनच्या हातातली कॉफीची किटली तशीच राहिली.

"वा! काय जागा आहे ही!" त्यार्क उसळला. "जुन्या रेकॉर्डवर नाही ही!"

नव्हतीच. पण आवाज हायड्रूनच्या ओळखीचा होता. ओमा, म्हणजे त्यांची आजी, माडीवर खिडकीशी शिवत बसायची. जेवायला बोलवायचं तर हाक नाही मारायची. बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काचेवर वाजवायची. टक. टक-टक.

या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं त्याच दुपारी ओमा गेली. आईने रीतीप्रमाणे खिडकी सताड उघडली. जीवाला बाहेर पडायला वाट नको का? पण शेजारच्या ट्रॅक्टरची घरघर गाण्यात यायला लागली. फोल्कमार धाडधाड जिना चढला, खिडकी लावून आला. 'एवढा टेक होऊ दे,' म्हणाला. नंतर आई उघडायला गेली तर कडी हलेना. ती कधी हललीच नाही.

हायड्रून वर गेली. कडीला हात लावला आणि कडी लोण्यासारखी फिरली. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, पण पडदा बाहेरच्या अंगाला उडाला. मानेजवळून ओमाच्या साबणाचा वास गेला.

"जा गं ओमा," ती म्हणाली.

खाली आली तर त्यार्क टेप मागेपुढे करून घामाघूम झालेला. "बाई, गेली! टेपवरून टकटकच गेली!"

"उघडलीस?" फोल्कमार म्हणाला.

"उघडली. किती वर्षं अडकवलंस तिला. जाऊ दे आता."

"आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं गं, काय जागा आहे म्हणून!" तो घोंगडी टाकून उठला. "त्यार्क, टेप उतरवून घ्यायला लाग."

"बस खाली, मरशील!"

"एवढा टेक होऊ दे."

जिना करकरत राहिला. त्यार्कने टेप लावली. "टेपवरचं थेट तारेतून उतरतंय," तो हायड्रूनला हळूच म्हणाला. "घरातला आवाज यात येतच नाही. बोलू शकता तुम्ही."

तिने वर छताकडे पाहिलं.

वर खिडकी धाडकन लागली.

टक. टक-टक. त्यार्कचा चेहरा उजळला.

फोल्कमार खाली आला नाही.

ओमाच्या खुर्चीत बसला होता, हात कडीवर, श्वास थांबलेला. हायड्रूनने त्याची बोटं सोडवली. कडी ओढली. हलेना. मग तिने स्टूल उचललं आणि काचा फोडल्या, एकूण एक.

गार वारा आत आला. बाहेर काहीच गेलं नाही. पडदासुद्धा नाही.

खाली टेप फिरतच होती.

मार्चमध्ये नवी रेकॉर्ड घरी आली. हायड्रूनने दुपारची कॉफी ओतली, खुर्ची ओढली, सुई ठेवली. गिटार थांबली.

टक. टक-टक.

मग अगदी जवळून, धापा टाकत, म्हाताऱ्या फोल्कमारचा आवाज. "थांब गं ओमा. एवढा टेक होऊ दे."

सुई गोल रेघेत शिरली.

"एवढा टेक होऊ दे."

"एवढा टेक होऊ दे."

तिने सुई उचलली.

आवाज थांबला. आणि माडीवर सुरू झालं. टक. टक-टक.

खिडकीची चौकट तिने अख्खा हिवाळा मुद्दाम तशीच मोकळी ठेवली होती. वर एकही काच नव्हती.

आवाज मात्र काचेचाच होता.